एमराल्ड: स्वॅम्पर्ट ५८ लेव्हलला, तरी वॉलेसपुढे टीम आडवी. बदल नेमका कुठे करावा?

ओलीमाती

पोकेमॉन एमराल्ड. आठही बॅज झाले, एलिट फोरपैकी चौघे (सिडनी, फीबी, ग्लेशिया, ड्रेक) कसेबसे पार होतात, पण चॅम्पियन वॉलेसकडे पोचेपर्यंत रिव्हाइव्ह (पडलेल्या पोकेमॉनला उठवणारी वस्तू) संपतात आणि तिसऱ्या-चौथ्या पोकेमॉनला सगळे कोसळते. सध्याची टीम अशी:

स्वॅम्पर्ट ५८ – सर्फ, वॉटरफॉल, स्ट्रेंग्थ, अर्थक्वेक
मॅनेक्ट्रिक ४६ – थंडरबोल्ट, बाइट, क्विक अटॅक, रोअर
ब्रेलूम ४६ – मेगा ड्रेन, स्काय अपरकट, हेडबट, लीच सीड
फ्लायगॉन ४६ – ड्रॅगनब्रेथ, क्रंच, फ्लाय, सँड अटॅक
ॲब्सॉल ४४ – बाइट, स्लॅश, स्वॉर्ड्स डान्स, क्विक अटॅक
लिनून ३१ – कट, रॉक स्मॅश वगैरे, फक्त एचएमसाठी (वाट मोकळी करणाऱ्या मूव्ह)

टीएम २६ अर्थक्वेक बॅगेत तशीच आहे (टीएम म्हणजे मूव्ह शिकवणारी वस्तू). शॅडो बॉल आणि एरियल एसच्या टीएमही आहेत. टीएम १९ (गिगा ड्रेन) आणि आईस बीम अजून आणलेले नाहीत. पैसे साधारण २ लाख ३० हजार. सगळ्यांना ५५ च्या वर न्यायचे हा एकच मार्ग आहे का? आणि ईव्ही ट्रेनिंगचा (लढायांतून स्टॅट वाढवणारे गुण जमवण्याचा) इतक्या उशिरा काही उपयोग होतो का?

---

तिसरा_कप्पा

लेव्हलचा नाद आधी सोडा. डॅमेजच्या सूत्रात लेव्हलचा थेट भाग म्हणजे लेव्हलची दोन पंचमांश अधिक २. लेव्हल ५० ला तो २२ येतो आणि ५८ ला २५. स्टॅट वाढल्याचा फायदा धरला तरी आठ लेव्हलमध्ये फटका तीसेक टक्क्यांनी जड होतो. योग्य टाईपची मूव्ह मारली की तोच फटका थेट दुप्पट. तुमची टीम लेव्हलमुळे हरत नाहीये, मूव्ह चुकीच्या हातात आहेत म्हणून हरतेय.

एमराल्ड २००४ चा गेम आहे. मूव्हगणिक फिजिकल आणि स्पेशल अशी विभागणी २००६ च्या डायमंड-पर्लपासून सुरू झाली. त्याआधी सगळे टाईपवर ठरायचे. फायर, वॉटर, ग्रास, इलेक्ट्रिक, आईस, सायकिक, ड्रॅगन, डार्क या आठ टाईपांची प्रत्येक मूव्ह स्पेशल, उरलेल्या सगळ्या फिजिकल. म्हणजे बाइट दाताने चावली तरी स्पेशल, आणि शॅडो बॉल दुरून फेकला तरी फिजिकल! नवे गेम खेळून मागे आलेला जवळजवळ प्रत्येक जण इथे फसतो.

आता तुमच्याच टीमचे आकडे मांडू. ताकद गुणिले स्वतःच्या टाईपचा दीडपट बोनस (असेल तर) गुणिले बेस स्टॅट:

ॲब्सॉलचा अटॅक १३०, स्पेशल अटॅक ७५. बाइट: ६० × १.५ × ७५ = ६७५०. शॅडो बॉल: ८० × १३० = १०४००, तेही बोनसशिवाय. टीएम बॅगेत पडून आहे आणि ॲब्सॉल फीबीच्या भुतांना चावत बसलाय.

ब्रेलूमचा अटॅक १३०, स्पेशल अटॅक ६०. मेगा ड्रेन: ४० × १.५ × ६० = ३६००. स्काय अपरकट: ८५ × १.५ × १३० = १६५७५. ब्रेलूम दिसायला गवताचा असला तरी या गेममध्ये तो निव्वळ मुष्टियोद्धा आहे.

फ्लायगॉनचा अटॅक १००, स्पेशल अटॅक ८०. ड्रॅगनब्रेथ ७२००, क्रंच ६४००. अर्थक्वेक: १०० × १.५ × १०० = १५०००. टीएम २६ डोळे झाकून यालाच. स्वॅम्पर्ट अर्थक्वेक ५२ ला आपसूक शिकतो, त्यामुळे टीएम जपून ठेवलीत ते बरे झाले.

स्वॅम्पर्टकडे सर्फ आणि वॉटरफॉल दोन्ही आहेत. दोन्ही वॉटर, दोन्ही स्पेशल. वॉलेसचा प्रत्येक पोकेमॉन वॉटर टाईपचा, त्यामुळे चारातल्या दोन जागा तिथे वाया. बाकी अर्थक्वेक ग्याराडोसला लागतच नाही. एकदा एव्हर ग्रँडला पोचल्यावर लीगपर्यंत फ्लायने जाता येते, वॉटरफॉलची गरज उरत नाही. लिलीकोव्हच्या मूव्ह डिलीटरकडून ती पुसून घ्या. एचएम दुसऱ्या कुठल्याही मार्गाने विसरवता येत नाही.

आणि लिनूनला आत नेऊच नका. लीगच्या इमारतीतच पोकेमॉन सेंटर आहे, तिथल्या पीसीत तो ठेवून सहावा खरा खेळाडू काढा.

---

निळा_शार्ड

वरचे सगळे मान्य. सहाव्या जागेबद्दल माझे मत ठाम आहे: लुडिकोलो.

वॉलेसचे सहा जण पाहा. वेलॉर्ड ५७, टेंटाक्रुएल ५५, लुडिकोलो ५६, व्हिस्कॅश ५६, ग्याराडोस ५६, मिलोटिक ५८. "पाणी आहे ना, मग वीज" या हिशेबाने सगळे मॅनेक्ट्रिकवर टाकतात आणि दोन ठिकाणी अडकतात. व्हिस्कॅश वॉटर-ग्राउंड आहे, त्याला वीज शून्य लागते आणि त्याच्याकडे अर्थक्वेक आहे. लुडिकोलो वॉटर-ग्रास, त्याला वीज साधीच लागते, शिवाय तो डबल टीम आणि लीच सीड लावून चिवटपणे बसून राहतो.

आपला लुडिकोलो मात्र वॉलेसच्या सर्फला पाव डॅमेजवर आणतो, अर्थक्वेक निम्म्यावर, आईस बीम साधा. खरा धोका एकच, टेंटाक्रुएलचा स्लज बॉम्ब. व्हिस्कॅशला ग्रास चौपट लागते, गिगा ड्रेन एकदा नीट बसला की विषय संपला. फक्त त्याला ॲम्नेशिया लावायला वेळ देऊ नका, एका ॲम्नेशियात त्याचा स्पेशल डिफेन्स दोन पायऱ्या चढतो.

कसा मिळवायचा: रूट ११४ वर लोटाड किंवा लोंब्रे पकडा. लोटाड १४ ला लोंब्रे होतो, पुढे वॉटर स्टोन लागतो. रूट १२४ वरच्या घरातला माणूस निळ्या शार्डच्या बदल्यात तो देतो. शार्ड पाण्याखाली डाइव्ह करून मिळतात. टीएम १९ रूट १२३ वरची मुलगी देते, पण टीममध्ये ग्रास पोकेमॉन दिसला तरच. ब्रेलूम सोबत असला की काम होते. ही टीएम ब्रेलूमवर खर्च करू नका. एकदा वापरली की संपली.

क्षमता पाहूनच निवडा. स्विफ्ट स्विम असलेला हवा. वेलॉर्ड रेन डान्स लावतो, आणि त्या पावसात तुमच्या लुडिकोलोचा वेग दुप्पट होतो. म्हणजे पाऊस वॉलेसचा, पीक आपले.

वॉलेसच्या लुडिकोलोसाठी ॲब्सॉलला एरियल एस द्या. फ्लाइंग मूव्ह फिजिकल, ताकद फक्त ६०, पण ती कधीच चुकत नाही, त्यामुळे डबल टीम कितीही लावली तरी फरक पडत नाही. समोर तो आला की आधी एकदा स्वॉर्ड्स डान्स, मग एरियल एस. ॲब्सॉलच्या मूव्ह अशा: शॅडो बॉल, एरियल एस, स्वॉर्ड्स डान्स, स्लॅश. बाइट आणि क्विक अटॅक काढून टाका.

फ्लायगॉनबद्दल थोडी शंका आहे. त्याला आईस चौपट लागतो आणि ग्लेशिया, टेंटाक्रुएल, मिलोटिक सगळीकडे आईस आहे. सिडनी आणि फीबीपुरता ठीक.

---

तिसरा_कप्पा

फ्लायगॉन ठेवावा असेच माझे मत. ग्लेशियाकडे तो बाहेर काढायचाच नाही, बाकीकडे अर्थक्वेकवाला दुसरा माणूस असला की स्वॅम्पर्टवरचा भार हलका होतो. पाच लढतींत सहाही जणांनी सगळीकडे खेळायला हवे असे कुठे आहे?

ड्रेकसाठी मात्र आईस बीम आणाच. आल्टारिया, फ्लायगॉन, सॅलामेन्स तिघांना चौपट, शेलगॉनला दुप्पट. फक्त किंगड्राला साधा लागतो. टीएम १३ ॲबँडन्ड शिपच्या बुडालेल्या भागात आहे, डाइव्ह लागते. दुसरी प्रत हवी असेल तर मॉव्हिलच्या गेम कॉर्नरला ४००० नाणी, म्हणजे ५०० नाण्यांना १०,००० या दराने ८० हजार. एकच प्रत असेल तर स्वॅम्पर्टला द्या, वॉटरफॉलच्या रिकाम्या जागी. स्पेशल अटॅक ८५ च आहे, पण चौपट लागणाऱ्यांना तेवढा पुरतो, आणि ५८ लेव्हलचा स्वॅम्पर्ट ड्रॅगनांचे फटके झेलून उभा राहतो.

---

ओलीमाती

मूव्हचे लक्षात आले, आजच बदलतो. ईव्हीबद्दल कुणी सांगेल का? लिलीकोव्हला जाऊन मॅनेक्ट्रिकला १० कॅल्शियम आणि १० कार्बोस (स्पेशल अटॅक आणि स्पीडचे ईव्ही देणारी व्हिटॅमिन) पाजायचा विचार आहे. ९८०० ला एक, म्हणजे १ लाख ९६ हजार. तेवढे आहेत.

---

राखेचा_रस्ता

थांबा, पैसे लगेच उडवू नका.

ईव्हीचा नियम: एका पोकेमॉनला एकूण ५१०. तिसऱ्या पिढीत (एमराल्ड याच पिढीतला) एका स्टॅटमध्ये २५५ पर्यंत जातात, पण दर ४ ईव्हीला लेव्हल १०० वर १ पॉइंट मिळत असल्याने २५२ ला थांबायचे, वरचे ३ फुकट जातात. लेव्हल ५० ला २५२ ईव्ही म्हणजे साधारण ३१ पॉइंट. व्हिटॅमिन एकावेळी १० देते, आणि त्या स्टॅटमध्ये १०० झाले की पुढे चालत नाही. म्हणून व्हिटॅमिन नेहमी आधी आणि लढाया नंतर. उलट केले तर दुकानदाराला पैसे देऊन "काही परिणाम होणार नाही" एवढे वाक्य वाचायला मिळते.

तुमचा मॅनेक्ट्रिक ४६ पर्यंत दिसेल त्याच्याशी लढत आलाय. त्याचे ५१० कधीच भरले असण्याची शक्यता मोठी. तपासायला स्लेटपोर्टच्या बाजारातल्या बाईंकडे त्याला सर्वांत पुढे ठेवून जा. एफर्ट रिबन दिली तर ५१० पूर्ण, आता एकही कॅल्शियम चालणार नाही.

पूर्ण असेल तर एमराल्डमध्ये सोय आहे, जी रूबी-सफायरमध्ये नव्हती. काही बेऱ्या प्रत्येकी १० ईव्ही कमी करतात आणि मैत्री वाढवतात. केल्प्सी अटॅक कमी करते, क्वालॉट डिफेन्स, ग्रेपा स्पेशल डिफेन्स. मॅनेक्ट्रिकला या तिन्हींचा उपयोग नाही, तिथले ईव्ही काढून जागा मोकळी करा. टमॅटो बेरी स्पीड खाते आणि होंड्यू स्पेशल अटॅक, त्या दोन चुकूनही देऊ नका.

नवा इलेक्ट्राइक पकडून शून्यापासून वाढवायचा मोह होईल. मग थंडरबोल्टची टीएमही पुन्हा लागते, म्हणजे गेम कॉर्नरचे आणखी ८० हजार. जुनाच दुरुस्त करा.

याचा फायदा किती, ते मिलोटिकवर दाखवतो, कारण खरी कोंडी तिथेच होते. चॅम्पियनच्या पोकेमॉनचे आयव्ही (जन्मजात गुण) ३१ असतात. नेचर (एखादा स्टॅट कमी-जास्त करणारा स्वभाव) बाजूला ठेवले तर मिलोटिक ५८ ची एचपी १९६ आणि स्पेशल डिफेन्स १६७. वॉलेसचे फुल रिस्टोअर सोडा, तिची रिकव्हर मूव्हच एका वेळी ९८ परत देते.

मॅनेक्ट्रिक लेव्हल ५०, आयव्ही १५, विस्कळीत १०० ईव्ही: स्पेशल अटॅक १३०. माइंड बॅजमुळे दहा टक्के वाढून १४३ (हो, या पिढीत बॅज स्टॅट वाढवतात, बरेच जण हे विसरतात). थंडरबोल्ट ९३ ते ११० घेतो. तिने दर वेळी रिकव्हर मारली तर जिथल्या तिथे. थंडरबोल्टचे १५ पीपी (मूव्ह वापरायच्या खेपा) संपेपर्यंत हा खेळ चालतो, आणि मध्येच टॉक्सिक बसले की तेवढाही वेळ मिळत नाही.

तोच मॅनेक्ट्रिक २५२ ईव्ही आणि हातात मॅग्नेट (विजेच्या मूव्ह वाढवणारी वस्तू): १४९, बॅज धरून १६३, मॅग्नेट धरून १७९. आता थंडरबोल्ट ११७ ते १३८. एका रिकव्हरला पुरून उरतो, आणि तिने एक टर्न दुसरे काही केले की दोन फटक्यांत आडवी. लेव्हल एकही वाढलेली नाही. मॅग्नेट ट्रिक हाऊसच्या बक्षिसांत मिळतो.

लढायांसाठी जागा:

स्पेशल अटॅक – रूट ११३. स्पिंडा आणि स्लग्मा दोघेही १ देतात. अधूनमधून स्कार्मोरी येतो, तो २ डिफेन्स देतो, त्याच्यापासून पळा.
स्पीड – सूटोपोलिसच्या पाण्यावर सर्फ करत फिरा. फक्त मॅजिकार्प येतात, प्रत्येकी १. गळ टाकलात तर सुपर रॉडला ग्याराडोसही लागतो आणि त्याचे २ अटॅक अंगाला चिकटतात.
एचपी – रस्टर्फ टनेल, सगळे व्हिस्मर, प्रत्येकी १.
अटॅक – माउंट पायरचे खालचे मजले, शपेट, प्रत्येकी १.

माचो ब्रेस घ्या. रूट १११ च्या विनस्ट्रेट कुटुंबातल्या चौघांना सलग हरवले की मिळतो. धरणाऱ्याचे ईव्ही दुप्पट, वेग निम्मा. म्हणजे १० कॅल्शियमनंतर उरलेल्या १५२ साठी ७६ लढाया. कॅल्शियमशिवाय १२६. ९८ हजार रुपयांची किंमत पन्नास स्पिंडा, हा सौदा कसा वाटतो ते ज्याचे त्याने ठरवावे. मला महाग वाटतो.

एक्सप. शेअर (न लढताही एक्स्पीरियन्स देणारी वस्तू) धरणाऱ्यालाही ईव्ही मिळतात, हे मोठे गुपित नाही पण घोळ इथेच होतो. लोक नव्या पोकेमॉनला शेअर देऊन व्हिक्टरी रोडवर फिरतात. गोलबॅटचा स्पीड, हरियामाची एचपी, लेरॉनचा डिफेन्स, प्रत्येकी २, सगळी भेळ होते आणि ५१० भरतात. आधी ईव्ही भरा, मग व्हिक्टरी रोडवर एक्सप. शेअर. ५१० भरल्यावर कुणाशीही लढा, काही बिघडत नाही.

लुडिकोलो नवा पकडणार आहात, त्यामुळे तो कोरी पाटी आहे. २५२ स्पेशल अटॅक, २५२ एचपी, उरलेले ६ कुठेही. मॉडेस्ट (स्पेशल अटॅक वाढवणारे) नेचर हवे असेल तर सिंक्रोनाइझ असलेला मॉडेस्ट रॉल्ट्स सर्वांत पुढे ठेवून रूट ११४ वर फिरा. एमराल्डमध्ये अर्ध्या वेळा समोरच्याचे नेचर तेच येते. पैसे खर्चायचेच असतील तर ते याच्यावर.

---

निळा_शार्ड

@राखेचा_रस्ता, पन्नास स्पिंडा म्हणजे पन्नास वेळा तीच ती लढत, तेही हिशेबात धरा. :) स्वॅम्पर्टच्या सर्फने एकाच फटक्यात संपवायचे असेल तर शिकणाऱ्याला पुढे ठेवून लगेच बदला. दोघांनाही पूर्ण ईव्ही मिळतात, ते वाटले जात नाहीत. वाटला जातो तो फक्त एक्स्पीरियन्स.

---

तिसरा_कप्पा

प्रत्यक्ष लढतीसाठी काही गोष्टी.

ऑप्शनमध्ये बॅटल स्टाईल 'शिफ्ट' ठेवा. समोरचा पडला की पुढे कोण येणार त्याचे नाव दिसते आणि फुकटात बदलता येते. व्हिस्कॅशचे नाव आले की मॅनेक्ट्रिक परत, लुडिकोलो मैदानात.

वॉलेस वेलॉर्डने सुरुवात करतो. वॉटर स्पाऊटची ताकद त्याच्या उरलेल्या एचपीवर चालते, पूर्ण असताना १५०. म्हणून समोर मॅनेक्ट्रिकच हवा, तो आधी मारतो. वरच्या हिशेबातला कच्चा मॅनेक्ट्रिकही पहिल्या थंडरबोल्टला त्याला पावाच्या खाली आणतो, मग वॉटर स्पाऊट ३६ च्या पुढे जात नाही. तयार केलेला बहुतेक वेळा एकाच फटक्यात संपवतो. वॉलेसने फुल रिस्टोअर वापरले तर चिडू नका, तो त्याचा एक टर्न गेला.

टेंटाक्रुएल तुमच्या मॅनेक्ट्रिकपेक्षा वेगवान निघू शकतो आणि त्याचा स्पेशल डिफेन्स भक्कम आहे. तिथे स्वॅम्पर्टचा अर्थक्वेक. ग्याराडोसला वीज चौपट, पण ड्रॅगन डान्स लावायच्या आधी.

मिलोटिकवर ब्रेलूम किंवा ॲब्सॉल वापरणार असाल तर तिला विष, लकवा, झोप काहीही लावू नका. तिची क्षमता मार्व्हल स्केल आहे, स्टेटस लागला की डिफेन्स दीडपट होतो. लीच सीड स्टेटसमध्ये मोजले जात नाही, ते चालते. वीज स्पेशल असल्याने मॅनेक्ट्रिकला याने फरक पडत नाही.

आणि आत शिरण्याआधी पैसे खर्च करून टाका. हरलात की निम्मे जातात. फुल रिस्टोअर ३०००, हायपर पोशन १२००, रिव्हाइव्ह १५००, सगळे लीगच्या दुकानात मिळते. प्रत्येक खोलीच्या आधी सेव्ह करता येते, फक्त परत बाहेर येता येत नाही. नॉर्मनला हरवल्यानंतर आईला भेटला नसाल तर लिटलरूटला जाऊन ॲम्युलेट कॉइन घ्या. तो धरणारा लढतीत एकदा तरी उतरला की बक्षीस दुप्पट.

---

ओलीमाती

स्लेटपोर्टच्या बाईंनी मॅनेक्ट्रिकला रिबन दिली, म्हणजे ५१० भरलेलेच होते. कॅल्शियम घेतले नाही ते बरे. केल्प्सी आणि क्वालॉट लावायला घेतोय. एक राहिले: ब्रेलूमला मेगा ड्रेनच्या जागी काय द्यावे?

---

राखेचा_रस्ता

मॅक पंच. ताकद ४०, पण नेहमी आधी लागतो, सिडनीच्या ॲब्सॉलला पळता भुई थोडी. ब्रेलूम तो २३ ला शिकतो, तुम्ही तेव्हा नाकारला असणार. फॉलआर्बरच्या मूव्ह शिकवणाऱ्याकडे एक हार्ट स्केल द्यावा लागेल. हार्ट स्केल नसेल तर एव्हर ग्रँडजवळ सुपर रॉडने लव्हडिस्क पकडा, बऱ्याचदा त्यांच्याकडे असतो.